रास्पबेरी पायवर इन्स्टॉल अडलं? कार्ड पुसण्याआधी हे बघा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या गावातल्या शाळेत मुलांना रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक शिकवतो. नववीतला एक मुलगा एका दुपारी तिसऱ्यांदा मेमरी कार्ड घेऊन आला. "सर, परत फ्लॅश करून द्या ना, इन्स्टॉल होतच नाहीये." सकाळपासून त्याने दोनदा कार्ड पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने घातली होती आणि दोन्ही वेळा काम त्याच जागी अडलं होतं. मी आधी बोर्डाकडे बघितलं. पॉवरची केबल कुठल्यातरी जुन्या फोनची होती, चांगली दोन मीटर लांब आणि हाताला दोऱ्यासारखी बारीक लागणारी. केबल आणि चार्जर बदलला. कार्ड तेच, कमांड तीच, आणि काही मिनिटांत पॅकेज बसलं.

हा लेख अशाच मुलांसाठी आणि त्यांच्याइतक्याच नव्या मोठ्या माणसांसाठी आहे. इन्स्टॉल फसलं की आपण लगेच त्या सॉफ्टवेअरला दोष देतो, नाहीतर सगळं पुसून टाकतो. पण या छोट्या बोर्डावर बहुतेक वेळा दुखणं त्याच्या खालच्या कुठल्यातरी थरात असतं: वीज, कार्ड, घड्याळ, नेटवर्क. म्हणून तपासणी खालून वर करायची. पहिल्या चार थरांना मिळून दहा मिनिटं लागतात आणि त्यात अर्धा दिवस वाचतो.

कमांडबद्दल एक सूचना. मी त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो आहे. टाइप करताना सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत करायचं. मोकळी जागा आणि आडव्या रेघा दिसतात तशाच ठेवायच्या. एखादं अक्षर मोठं हवं असेल तर तिथे तसं सांगेन. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, कमांड मुख्य अधिकाराने चालवणारा शब्द. ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) आणून बसवणारा प्रोग्राम. विचित्र स्पेलिंग असेल तिथे अक्षरं फोडून देतो.

पायरी 1: एरर वाचा, आणि वरून वाचा

नवखा माणूस शेवटची ओळ वाचतो. ती बहुतेकदा अशी असते: "ई: सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड 1". डीपीकेजी हा ॲप्टच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम. या ओळीतून एवढंच कळतं की काहीतरी बिघडलं. काय बिघडलं ते पाच-दहा ओळी वर लिहिलेलं असतं. माउसने वर सरका आणि "डीपीकेजी: एरर प्रोसेसिंग पॅकेज" अशी सुरुवात असलेली पहिली ओळ शोधा. तिच्यात पॅकेजचं नाव असतं आणि तिच्या आसपास खरं कारण असतं. पुष्कळदा ते पॅकेज तुम्ही मागितलेलं नसतंच. तुम्ही मागितलेला असतो एखादा खेळ, आणि अडलेलं असतं गेल्या आठवड्यापासून अर्धवट पडलेलं भलतंच काही.

ॲप्टच्या ओळींच्या सुरुवातीला एक अक्षर असतं, तेही बघा. डब्ल्यू म्हणजे वॉर्निंग, ई म्हणजे एरर. वॉर्निंग आल्या तरी काम पुढे सरकतं, ई आला की थांबतं. मुलं पिवळ्या-लाल ओळी बघून घाबरतात आणि सहा वॉर्निंगच्या मागे लागतात, तर खरा ई त्यांच्यामध्ये एकटा पडलेला असतो.

स्क्रीनचा फोटो काढून ठेवा किंवा मजकूर एखाद्या फाइलमध्ये चिकटवा. पुढे कोणाला विचारायची वेळ आली तर "इन्स्टॉल होत नाही" या तीन शब्दांवर कोणालाही मदत करता येत नाही. ती एक ओळ दाखवलीत तर करता येते.

पायरी 2: वीज

हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून यावर थोडा जास्त वेळ थांबतो.

इन्स्टॉल करताना बोर्ड एरवीपेक्षा जास्त राबतो. वायफायवरून डाउनलोड चालू, प्रोसेसर फाइली उलगडतोय, कार्डावर एकसारखं लिखाण चालू. रिकामा बसलेला असताना कमी करंटवर भागतं, पण या कामात वीज जास्त लागते आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. ते साधारण 4.63 व्होल्टच्या खाली गेलं की बोर्ड "अंडर-व्होल्टेज"ची नोंद करतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. व्होल्टेज आणखी पडलं की कार्डावरचं लिखाण चुकतं, यूएसबीला लावलेली वस्तू मध्येच गायब होते, किंवा बोर्ड सरळ रीस्टार्ट होतो. स्क्रीन लावलेली असेल तर कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसतं. स्क्रीन नसेल तर ही कमांड:

व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड

पहिला शब्द व्ही-सी-जी-ई-एन-सी-एम-डी असा आहे, आणि गेटनंतर खालची रेघ. उत्तर 0एक्स0 आलं तर वीज ठीक आहे. 0एक्स50000 आलं तर बोर्ड सुरू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि वेग कापला गेला होता. 0एक्स50005 आलं तर या क्षणीही तीच अवस्था आहे. ही कमांड इन्स्टॉल फसल्या फसल्या, रीस्टार्ट न करता द्यायची, कारण रीस्टार्ट केलं की मागची नोंद पुसली जाते.

मॉडेल 3 ला 5.1 व्होल्ट 2.5 अँपिअरचा सप्लाय लागतो, मॉडेल 4 ला 3 अँपिअरचा, मॉडेल 5 ला 5 अँपिअरचा. इथे एक मोठा गैरसमज आहे. "माझा चार्जर 65 वॅटचा आहे, मग कमी कसं पडेल?" असं पुष्कळ जण विचारतात. फोन आणि लॅपटॉपचे फास्ट चार्जर जास्त वॅट देतात ते व्होल्टेज वाढवून, 9 किंवा 20 व्होल्टवर. पायला हवे असतात 5 व्होल्ट, आणि त्या व्होल्टेजला असे चार्जर बहुतेक 3 अँपिअरवर थांबतात. मॉडेल 5 त्यावर सुरू होतो, पण यूएसबी पोर्टना मिळून फक्त 600 मिलिअँपिअर देतो. मग बाहेरची हार्डडिस्क लावून तिच्यावर काही बसवायला गेलात की फसतं.

सप्लाय त्या बोर्डासाठीचा अधिकृत घ्या, केबल आखूड आणि जाड घ्या. बाकी सगळ्या खर्चात काटकसर करा, इथे करू नका.

पायरी 3: जागा आणि कार्ड

डीएफ -एच

डी-एफ, मोकळी जागा, रेघ, एच. ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरकी रेघ आहे ती तुमची मुख्य जागा. वापर 95 टक्क्यांच्या वर असेल तर "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" येऊ शकतं. आधी सुडो ॲप्ट क्लीन द्या. डाउनलोड होऊन साठलेल्या पॅकेजच्या फाइली त्याने जातात. मग सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह द्या, पण काय काढणार आहे ती यादी वाचून मगच होकार द्या.

कार्ड 32 जीबीचं आणि डीएफ दाखवतंय चार-पाच जीबी, असं असेल तर फाइल सिस्टीम कार्डभर पसरलेली नाही. सुडो रास्पी-कॉन्फिग उघडा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये एक्सपांड फाइलसिस्टीम निवडा आणि रीस्टार्ट करा.

जागा आहे, तरीही "रीड-ओन्ली फाइल सिस्टीम" किंवा "इनपुट/आउटपुट एरर" येत असेल तर कार्ड आजारी आहे. लिनक्सला कार्डावर गडबड दिसली की ते आणखी नुकसान होऊ नये म्हणून लिखाण बंद करतं. सुडो डीमेसेज, म्हणजे डी-एम-ई-एस-जी, ही कमांड देऊन शेवटच्या ओळींत एमएमसी0 आणि एरर हे शब्द एकत्र दिसतात का ते बघा. दिसले तर आता इन्स्टॉलचा नाद सोडा, आधी आपल्या फाइली बाहेर काढा.

बनावट कार्डांचाही त्रास खूप आहे. वर 64 जीबी छापलेलं असतं, आत खरी जागा 8 जीबी असते. सुरुवातीला सगळं छान चालतं. लिखाण खऱ्या जागेच्या पलीकडे गेलं की नव्या फाइली बिघडू लागतात आणि आज बसलेला प्रोग्राम उद्या उघडत नाही. लिनक्सवर एफ3 नावाचं छोटं साधन आहे. ते रिकाम्या कार्डावर शेवटपर्यंत लिहितं, परत वाचून बघतं आणि खरी जागा किती ते सांगतं. नवं कार्ड घेतलं की पहिल्यांदा हेच करायची सवय लावा.

पायरी 4: घड्याळ

घड्याळाचा इन्स्टॉलशी काय संबंध, असं कोणालाही वाटेल. पण माझ्या वर्गात विजेच्या खालोखाल इथेच अडतं.

मॉडेल 4 पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. मॉडेल 5 वर आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घेऊन लावावी लागते. मग बंद असताना वेळ कशी कळते? कळतच नाही. बंद होताना बोर्ड वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, सुरू होताना तिथूनच पुढे मोजायला लागतो आणि इंटरनेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. तीन आठवडे कपाटात पडलेला बोर्ड लावलात आणि इंटरनेटवरून वेळ मिळाली नाही, तर त्याच्या लेखी अजून तीन आठवड्यांपूर्वीचीच दुपार चालू असते.

आता ॲप्ट सर्व्हरवरून यादी आणतं. त्या यादीवर ती कधी बनली याची तारीख आणि सही असते. बोर्डाला वाटतं, ही यादी तर भविष्यातली आहे. म्हणून तो लिहितो: "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट, इनव्हॅलिड फॉर अनदर 21डी", आणि पुढे तास-मिनिटं. म्हणजे एकवीस दिवसांनी ही यादी चालेल. हे वाक्य वाचल्यावर पॅकेजमध्ये काही शोधत बसायचं नाही. सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही, अशी तक्रार करणाऱ्या एररचंही मूळ बहुतेक हेच असतं.

टाइमडेटसीटीएल

टाइमडेटला सी-टी-एल जोडून एक शब्द. यात "सिस्टीम क्लॉक सिंक्रोनाइज्ड" पुढे येस हवं. नो असेल आणि इंटरनेट तर चालू असेल, तर त्या नेटवर्कने वेळ विचारायचा रस्ता बंद केलेला असू शकतो. वेळ यूडीपी पोर्ट 123 वरून येते आणि काही कॉलेजं, कार्यालयं, होस्टेलं तो अडवतात. दोन मिनिटं फोनच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. नाहीतर हाताने वेळ द्या:

सुडो डेट -एस "2025-06-14 10:30"

अर्थात, त्या दिवशीची तारीख आणि वेळ घालून. त्याआधी टाइम झोन आशिया/कोलकाता आहे ना ते बघा. तो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असताना भिंतीवरच्या घड्याळातली वेळ घातलीत तर बोर्ड साडेपाच तास पुढे जाईल.

पायरी 5: नेटवर्क

दोन पिंग द्या. पिंग म्हणजे समोरचा सर्व्हर उत्तर देतो का ते बघणारी कमांड. पहिला 8.8.8.8 या आकड्याला, दुसरा डेब डॉट डेबियन डॉट ओआरजी या नावाला. दोन्हींत पिंगनंतर -सी 4 लावा, म्हणजे चार वेळा विचारून थांबेल. दोन्ही चालले तर उत्तम. आकडा चालला आणि नाव नाही, तर नावावरून पत्ता शोधणारी सेवा बंद आहे. ॲप्टची एरर "टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग" अशी येते. राउटर बंद करून चालू करा किंवा हॉटस्पॉटवर जा. दोन्ही चालले नाहीत तर वायफायच नाही. मॉडेल 3 बी, झीरो डब्ल्यू आणि झीरो 2 डब्ल्यू यांना फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं, 5 वालं दिसत नाही. वायफायचा देश इंडिया निवडलेला नसेल तर तोही निवडा.

होस्टेलच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर एक वेगळी गंमत होते. आधी ब्राउझरमध्ये नाव-नंबर टाकून लॉगिन करावं लागतं. ते केलं नसेल तर ॲप्टने यादी मागितली की नेटवर्क त्याला लॉगिनचं पान देतं. ॲप्टला ते पान कळत नाही, पण अंदाज बांधून ते विचारतं: "डज द नेटवर्क रिक्वायर ऑथेंटिकेशन?" इतका सरळ प्रश्न विचारलेला असतो, आणि आपण एरर न वाचता कमांडच परत परत देत बसतो.

"हॅश सम मिसमॅच" आलं तर उतरलेली फाइल वाटेत खराब झाली आहे. थोड्या वेळाने किंवा दुसऱ्या कनेक्शनवरून सुडो ॲप्ट अपडेट द्या.

पायरी 6: अर्धवट राहिलेलं काम

आमच्याकडे दुपारी वीज जाते. पॅकेज बसत असताना गेली तर पुढच्या वेळी कुठलीही इन्स्टॉल कमांड दिली की उत्तर येतं: "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड". त्याच ओळीत पुढे उपायाची कमांडही दिलेली असते:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

डीपीकेजी म्हणजे डी-पी-के-जी. कॉन्फिगरच्या आधी दोन रेघा, ए च्या आधी एक. मधेच राहिलेली सगळी पॅकेजं याने पूर्ण होतात. त्यानंतर:

सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

यापुढे कुठल्याही पॅकेजचं नाव लिहायचं नाही. कुठलं पॅकेज कशावाचून अडलंय ते ॲप्ट स्वतः शोधतं आणि हवं ते आणतं. एखादं पॅकेज तरीही हट्ट करत असेल तर सुडो ॲप्ट क्लीन देऊन, सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल आणि त्या पॅकेजचं नाव, असं करून बघा. खराब उतरलेली फाइल जाऊन ताजी येते.

दुसरी नेहमीची अडचण कुलपाची. "कुड नॉट गेट लॉक" अशी ओळ येते, पुढे फाइलचा पत्ता आणि ते कुलूप धरून बसलेल्या प्रोग्रामचा नंबर. एका वेळी एकाच प्रोग्रामला पॅकेजच्या नोंदवहीत लिहिता येतं. बोर्ड नुकताच सुरू केला असेल तर डेस्कटॉपचा अपडेट तपासणारा प्रोग्राम पाठीमागे चालू असतो. पाच मिनिटं थांबा. तुम्हीच दुसऱ्या खिडकीत इन्स्टॉल चालू ठेवलंय का, तेही आठवा. जुन्या व्हिडिओंमध्ये ती लॉकची फाइल खोडायला सांगतात. कृपा करून तसं करू नका. पाठीमागे खरंच कोणी लिहीत असेल तर दोघं एकाच वहीत लिहायला लागतील आणि मग नोंदवहीच फाटेल. थांबूनही सुटत नसेल तर नीट रीस्टार्ट करा आणि वरच्या दोन कमांड द्या.

इथेच एक इशारा. ॲप्ट काही काढून टाकायची यादी दाखवतं तेव्हा ती पूर्ण वाचा. तिच्यात पायथन3 दिसलं तर एन दाबून बाहेर पडा. डेस्कटॉपचा बराचसा भाग त्याच्यावर उभा आहे. "जुनं पायथन काढून नवं घालतो" म्हणत मुलांनी अख्खा डेस्कटॉप घालवलेला मी बघितला आहे.

पायरी 7: पॅकेज सापडत नाही

"अनेबल टु लोकेट पॅकेज". आधी सुडो ॲप्ट अपडेट द्या. नव्या कार्डावर यादी जुनी असते, त्यामुळे असलेलं पॅकेजही सापडत नाही किंवा 404, म्हणजे फाइल त्या पत्त्यावर नाही, असं येतं. मग स्पेलिंग बघा. नावाचा तुकडाच आठवत असेल तर ॲप्ट सर्च आणि तो तुकडा.

तरीही नाही? मग तुमची आवृत्ती बघा: कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज. पहिला बोर्ड 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीला आला. तेव्हापासून साठलेली शिकवण्यांची रास इंटरनेटवर तशीच पडून आहे आणि त्यातली बरीचशी आता चालत नाही. 2020 पर्यंत या सिस्टीमचं नाव रास्पबियन होतं, मग रास्पबेरी पाय ओएस झालं. एप्रिल 2022 पासून "पाय" नावाचा आयता वापरकर्ता आणि त्याचा सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये बुकवर्म ही आवृत्ती आली आणि कॉन्फिगची फाइल /बूटमधून /बूट/फर्मवेअरमध्ये गेली. म्हणून कुठलंही मार्गदर्शन वाचताना पहिल्यांदा त्याची तारीख बघा. बस्टरसारख्या जुन्या आवृत्तीवर "चेंज्ड इट्स सूट व्हॅल्यू" अशी तक्रार आली तर सुडो ॲप्ट अपडेट --अलाऊ-रिलीजइन्फो-चेंज देऊन पुढे जाता येतं, पण खरा उपाय नवी आवृत्ती हाच.

"अनमेट डिपेन्डन्सीज" किंवा "हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" येत असेल तर आठवून बघा, कुठूनतरी कॉपी करून नवा सोर्स, म्हणजे पॅकेजं जिथून येतात तो पत्ता, जोडला होता का? उबुंटूसाठीचा पत्ता पायवर जोडणं हे नेहमीचं कारण. /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी या फोल्डरमध्ये अशा फाइली असतात. परकी फाइल तिथून बाहेर हलवा, अपडेट द्या, मग पुन्हा प्रयत्न करा.

आता प्रोसेसरच्या जातीबद्दल. वेबसाइटवरून थेट फाइल उतरवताना चार-पाच पर्याय दिसतात. एएमडी64 हे नाव बघून फसू नका. ती फाइल इंटेल आणि एएमडी अशा दोन्ही प्रोसेसरच्या नेहमीच्या पीसीसाठी असते. पायवर ती चालवली तर "एक्झेक फॉरमॅट एरर" येते. आपल्याला हवी एआरएम64 किंवा एआरएमएचएफ. यांतली कुठली?

डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर

हिचं उत्तर प्रमाण माना. पुष्कळ ठिकाणी यूनेम -एम वापरायला सांगतात, पण ती कमांड कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, जात सांगते. मॉडेल 4 वर 32 बिट सिस्टीम घातली तरी 2023 पासून कर्नल 64 बिटचं चढतं. त्यामुळे यूनेम म्हणतं 64, आणि खालची सगळी पॅकेजं असतात 32 ची. या विसंगतीत मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. पहिल्या मॉडेलवर आणि झीरोवर आणखी जुना एआरएमव्ही6 प्रोसेसर आहे. त्यावर इतर पायसाठी बनवलेला प्रोग्राम बसतो, पण उघडताच "इलीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून बंद पडतो. तिथे आपली काही चूक नसते. त्या प्रोसेसरसाठी बनवलेली फाइल शोधायची, नाहीतर तो प्रोग्राम सोडून द्यायचा.

पायरी 8: पायथन आणि पिप

पिप म्हणजे पायथनच्या लायब्रऱ्या बसवणारा प्रोग्राम. बुकवर्मपासून पिप इन्स्टॉल दिलं की "एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट" असं मोठं उत्तर येतं. हा बिघाड नाही, मुद्दाम घातलेलं कुंपण आहे. सिस्टीम स्वतः पायथनवर चालते; पिपने तिच्या लायब्रऱ्या बदलल्या तर ॲप्टचा हिशोब चुकतो. पुष्कळ जण --ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस हा पर्याय लावायला सुचवतात. त्याच्या नावातच काय मोडणार ते लिहिलं आहे. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आधी सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन3-अमुक करून बघा. अमुकच्या जागी लायब्ररीचं नाव. पुष्कळ लायब्रऱ्या अशा तयार मिळतात. नसेल तर आपली वेगळी खोली बांधा:

पायथन3 -एम व्हीएनव्ही --सिस्टम-साइट-पॅकेजेस माझंघर

सोर्स माझंघर/बिन/ॲक्टिव्हेट

व्हीएनव्ही म्हणजे व्ही-ई-एन-व्ही. माझंघरच्या जागी तुम्हाला आवडेल ते इंग्रजी अक्षरांतलं नाव. मधला लांब पर्याय विसरू नका. कॅमेऱ्याची पायकॅमेरा2 लायब्ररी सिस्टीमसोबत येते, आणि तो पर्याय नसेल तर या खोलीतून ती दिसत नाही. आत गेल्यावर ओळीच्या सुरुवातीला खोलीचं नाव दिसतं. आता पिप इन्स्टॉल द्या, सुडो न लावता. सुडो लावलं की तुम्ही खोलीबाहेर जाता आणि तीच एरर परत येते.

मॉडेल 5 वाल्यांसाठी वेगळी सूचना. जुन्या धड्यांतली आरपीआय.जीपीआयओ ही बोर्डाच्या पिना चालवणारी लायब्ररी तुमच्या बोर्डावर व्यवस्थित बसेल, पण प्रोग्राम चालवला की "कॅनॉट डिटरमिन एसओसी पेरिफेरल बेस ॲड्रेस" येईल. मॉडेल 5 वर पिना सांभाळायला आरपी1 ही वेगळी चिप आहे आणि त्या लायब्ररीला ती ओळखता येत नाही. जीपीआयओझीरो वापरा, किंवा जुना कोड तसाच चालवायचा असेल तर आरपीआय-एलजीपीआयओ बसवा.

काही लायब्रऱ्या बोर्डावरच कम्पाइल होतात. मधेच नुसतं "किल्ड" येऊन थांबलं तर मेमरी संपली. मॉडेल 3 वर 1 जीबी आहे, झीरो 2 डब्ल्यू वर जेमतेम 512 एमबी. ब्राउझर बंद करा. मेक ही कम्पाइल करणारी कमांड वापरत असाल तर -जे4 ऐवजी -जे1 द्या, म्हणजे एका वेळी एकच काम चालेल. वेळ चौपट लागला तरी पूर्ण होतं.

कार्ड पुसायचंच असेल तर

अशी वेळ येते. डीमेसेजमध्ये कार्डाच्या चुका दिसल्या, परके सोर्स मिसळून पॅकेजांचा गुंता झाला, किंवा आवृत्ती फार जुनी असली तर नवी सिस्टीम घालणंच शहाणपणाचं. एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर जाताना ती बनवणारेही नव्याने घालायलाच सुचवतात.

आधी आपली होम डिरेक्टरी आणि /बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी पेनड्राइव्हवर घ्या. मग ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल > यादी.टीएक्सटी द्या, यादी हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून. हाताने घातलेली आणि सिस्टीमसोबत आलेली मुख्य पॅकेजं तिच्यात उतरतात. तीही पेनड्राइव्हवर घ्या. इमेजरमध्ये, म्हणजे कार्डावर सिस्टीम घालणाऱ्या प्रोग्राममध्ये, नवं कार्ड बनवताना वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वायफाय, देश आणि टाइम झोन तिथेच भरा. बोर्ड सुरू झाल्यावर वेळ बरोबर आहे ना ते बघा, मग सुडो ॲप्ट अपडेट आणि सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड. त्यानंतर यादीतली लागणारी पॅकेजं एकेक करून घाला, एका दमात सगळी नको. एकेक घातलं की कुठलं अडतं ते लगेच कळतं.

आणि शक्य असेल तर जुनं कार्ड पुसू नका. नवं घ्या, जुन्यावर तारखेची चिठ्ठी लावून महिनाभर डबीत ठेवा. दुसऱ्या आठवड्यात हमखास आठवतं की एक फाइल तिथेच राहिली.